मुक्या जिवाची ठेव

दिवाळीची सुटी जवळ आली, वैशाखातल्या लग्नांच्या पत्रिका येऊ लागल्या किंवा पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने 'आईबाबा, आता तरी महिनाभर राहायला या' असा आग्रह धरला, की वाशिमसारख्या गावातल्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. किल्ली कुणाकडे ठेवायची, तुळशीला पाणी कोण घालणार, दूधवाल्याला काय सांगायचे, हे प्रश्न बोलता बोलता सुटतात. सुटत नाही तो एकच. कुत्र्याचे काय करायचे?

बहुतेक घरांनी या प्रश्नाचे एक उत्तर शोधून ठेवले आहे आणि ते म्हणजे घरातल्या एका माणसाने मागे राहायचे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक दांपत्य गेल्या आठ वर्षांत एकत्र गावाला गेलेले नाही. नातवाच्या बारशाला आजी गेली, मुंजीला आजोबा गेले. दुसऱ्या एका गृहस्थांनी डोळ्याचे ऑपरेशन दोनदा पुढे ढकलले, कारण त्यासाठी नागपूरला मुलीकडे आठ दिवस राहावे लागणार होते. 'काहून नाई आले भाऊ लग्नाले?' असे कुणी विचारले तर खरे कारण सांगायची सोय नाही. लोक हसतील. म्हणून 'तब्येत बरी नव्हती' असे सांगून वेळ मारून न्यायची.

लोक हसतात, कारण हा विषय त्यांना चैनीचा वाटतो. २०१८ साली ज्या जिल्ह्याचा समावेश देशातल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत झाला, जिथे सोयाबीनचा आणि कापसाचा भाव वर्षाचे सुखदुःख ठरवतो, तिथे रविवारच्या अंकात कुत्रा कुठे ठेवावा यावर लिहायचे? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. पहिली गोष्ट, घरात कुत्रा पाळणे ही आता बंगलेवाल्यांची मिरासदारी राहिलेली नाही. कारकून, शिक्षक, किराणा दुकानदार अशा साध्या घरांतून कुत्री आहेत, आणि मुले दूर गेलेल्या घरात तर बोलायला तेवढाच एक जीव उरलेला असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्याला स्वतःबद्दल सांगता येत नाही असा जीव, पैसे देऊन, परक्याच्या हाती सोपवायचा कसा, हा मूळ प्रश्न आहे. तो पाळणाघराला लागू आहे, वृद्धाश्रमाला लागू आहे, अंथरुणावरच्या आजोबांसाठी ठेवलेल्या माणसालाही लागू आहे. कुत्र्याच्या निमित्ताने तो जरा स्वच्छ दिसतो, एवढेच.

हा प्रश्न आपल्याकडे नवा का आहे, ते आधी पाहू. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत कुत्रा होता, पण त्याला कुठे ठेवायचे हा प्रश्न नव्हता, कारण घर कधी रिकामे पडत नसे. चार माणसे लग्नाला गेली तरी सहा मागे असत. शेतातल्या कुत्र्याला सालदार भाकर टाकी. गल्लीतला कुत्रा कुण्या एकाचा नसेच. गुरांचीही तीच रीत. सकाळी गावाची ढोरं आखरावर जमत आणि ढोरकी ती दिवसभर राखून सांजेला परत आणी. कुणी आपली शेळी दुसऱ्याकडे अर्धेलीने देई. म्हणजे आपले जनावर दुसऱ्याच्या स्वाधीन करणे आपल्याला मुळीच नवे नाही. फरक असा, की राखणारा आणि ज्याचे राखायचे तो, दोघे एकाच वेशीच्या आतले होते. बैल लंगडत आला तर त्याच संध्याकाळी चार लोकांसमोर जाब विचारता येत होता. करार कागदावर नव्हता, तो गावाच्या नजरेत होता.

ही व्यवस्था हळूहळू मोडली. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा झाला. कार्यालये आली, बदलीचे लोक आले, शेतांचे लेआउट पडले आणि वाड्याच्या जागी चार खोल्यांची घरे उभी राहिली. कुत्राही बदलला. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातल्या टफीने पांढऱ्याशुभ्र केसाळ कुत्र्याची हौस घरोघर नेली. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणाऱ्या पगने चपट्या नाकाच्या कुत्र्याची हौस आणली. त्यापाठोपाठ लॅब्रेडोर आला. ही कुत्री घराच्या आत राहणारी आहेत, त्यांना गल्ली सांभाळू शकत नाही. आणि शेजारी तरी कुठे उरला? त्याचीही मुले पुण्यातच आहेत आणि सुटीत तोही तिकडेच निघालेला असतो.

कुत्र्याला बरोबर न्यावे म्हटले तर तेही सोपे नाही. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर असावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकटे बसवावे लागते. मंगल कार्यालयात कुत्रा चालत नाही, रुग्णालयात तर प्रश्नच नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे मोटार आहे ते अकोला, अमरावती, नागपूर, थेट पुण्यापर्यंत कुत्रे सांभाळणाऱ्यांचा शोध घेऊ लागले आहेत. मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण खुला झाला. शहर जवळ आले. पण शहरातला माणूस ओळखीचा झाला, असे काही त्यामुळे होत नाही.

आपल्याकडच्या शहरांत कुत्र्यासाठी हक्काची जागा झाली ती धर्मबुद्धीतून. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी मंडळींच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरापोळ उभा राहिला. तिथला जीव हा बेवारस, आणि सांभाळणाऱ्याचा मोबदला म्हणजे पुण्य. आज आपण ज्याला बोर्डिंग म्हणतो तो मात्र व्यवहार आहे. दिवसाला इतके रुपये, जेवण धरून किंवा जेवण सोडून. व्यवहार असण्यात वाईट काही नाही. पण व्यवहारात डोळे उघडे ठेवावे लागतात आणि भूतदयेच्या चार गोड वाक्यांवर भाळून चालत नाही.

या व्यवहाराची सगळ्यात जुनी गोष्ट आपल्या भागातल्या लोकांना ठाऊक असायला हरकत नाही, कारण ती बंजाऱ्यांची आहे आणि बंजाऱ्यांचे पोहरादेवी आपल्या मानोरा तालुक्यात आहे. बैलांच्या तांड्यावर माल वाहणाऱ्या एका बंजाऱ्याने अडचणीच्या काळात आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. एका रात्री सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कुठे दडवला, ते कुत्र्याने पाहिले आणि सकाळी सावकाराला तिथे ओढत नेले. सावकार इतका खूश झाला, की कर्ज फिटले असे चिठ्ठीत लिहून ती त्याने कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे केले. कुत्रा धावत मालकाकडे निघाला. वाटेत मालकाने त्याला पाहिले. वचन मोडून पळून आला असे समजून त्याने रागाच्या भरात त्याला ठार केले आणि मग चिठ्ठी वाचली. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेवाचे जे देऊळ आहे, त्याच्याशी हीच कथा जोडलेली आहे.

ही कथा कुत्र्याच्या इमानाची म्हणून सांगितली जाते. मला ती दोन माणसांच्या न झालेल्या बोलण्याची वाटते. मालक आणि सांभाळणारा, दोघेही तसे भले. कुत्र्याने तर आपले काम चोख केले. तरी तो मेला, कारण दोघांमधला निरोप गळ्यातल्या चिठ्ठीवर अवलंबून होता. आज चिठ्ठीची जागा फोनने घेतली आहे. रोज संध्याकाळी फोटो येतो, कधी चालता-बोलता व्हिडिओ येतो. तरी निरोप पोचतोच असे नाही. कारण फोटो दिवसातल्या एका क्षणाचा असतो आणि कुत्र्याला तिथे चोवीस तास काढायचे असतात.

शहरात सांभाळणारे साधारण तीन प्रकारचे भेटतात. पहिला, पशुवैद्याच्या दवाखान्याला जोडून असलेल्या खोल्या. डॉक्टर हाताशी, हा मोठा फायदा. पण आजारी कुत्री त्याच दारातून येतात, हा तेवढाच मोठा तोटा. म्हातारे किंवा औषधावर असलेले कुत्रे असेल तर ही जागा बरी. दुसरा, शहराबाहेर शेतात बांधलेले केनेल. जागा भरपूर, भुंकण्याची कुणाला अडचण नाही; मात्र रात्री तिथे कोण असते हा प्रश्न राहतो. तिसरा प्रकार अलीकडे वाढला आहे: एखादे कुटुंब आपल्या राहत्या घरात दोन-चार कुत्री ठेवून घेते. माणसांची सवय असलेल्या कुत्र्याला हे मानवते. पण घराला फाटक एकच असेल आणि मुले सारखी ये-जा करत असतील, तर कुत्रा निसटायला एक क्षण पुरतो. यातला कुठला प्रकार चांगला, असे सरसकट सांगता येणार नाही. आपले कुत्रे कोणते, यावर ते ठरते.

माझ्या घरी नऊ वर्षांची लॅब्रेडोर कुत्री आहे. तिच्यासाठी मी अकोला, अमरावती आणि नागपूर मिळून सात-आठ जागा पाहिल्या. एका ठिकाणी काचेची दारे, भिंतीवर पंजांची चित्रे, थंडगार खोली आणि हाती छापील दरपत्रक. मागची बाजू पाहू का म्हटल्यावर 'तिकडे साफसफाई चालू आहे' असे उत्तर आले. तासाभराने पुन्हा विचारले, तेव्हाही साफसफाईच चालू होती. मी निघालो. दुसऱ्या एका ठिकाणी साध्या टिनाच्या छपराचे, पण मोकळे आवार होते. तिथल्या वयस्क गृहस्थांनी मला बसवले आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. कुत्री जेवते किती वाजता? कुणी ताटाला हात लावला तर गुरगुरते का? फटाक्यांना भिते का? शेवटची माजावर कधी आली होती? कोणते औषध चालू आहे? यापूर्वी घराबाहेर राहिली आहे का? ती कुणाच्या शेजारी झोपते? आणि हे सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, 'दिवाळीच्या आठवड्यात नाही जमणार. सहा आहेत, सातवे घेतले तर एकाकडेही नीट पाहणे होणार नाही. तुम्ही त्यानंतर आणा.' कुत्री मी त्यांच्याकडेच ठेवली, दिवाळीनंतर.

सात-आठ जागा पाहिल्यानंतर माझे जे मत बनले ते एका वाक्यात सांगता येते. आपण सांभाळणाऱ्याला काय विचारतो यापेक्षा तो आपल्याला काय विचारतो, यावरून त्याची पारख करावी. ज्याला तुमच्या कुत्र्याबद्दल काहीच जाणून घ्यायचे नाही, ज्याचा पहिला प्रश्न 'किती दिवस' आणि दुसरा 'पैसे आगाऊ देता का' असा असतो, त्याच्या लेखी तुमचे कुत्रे म्हणजे लगेज आहे. आणि ज्याला कधीच 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्याकडे सुटीच्या दिवसांत गर्दी होणारच.

याचा अर्थ आपण काही पाहू नये असा नव्हे. काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याच पाहिजेत, आणि त्याही आधी न कळवता, दुपारच्या वेळी जाऊन. पहिली गोष्ट लसीकरणाची. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो आणि केनेलचा खोकला यांच्या लसींचे कार्ड जो मागत नाही, त्याने तुमच्या शेजारच्या कुत्र्याचेही मागितलेले नसते. लस टोचली की लगेच गुण येत नाही, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. निघायच्या आदल्या दिवशी घाईने टोचून घेतलेली लस कार्डावर दिसेल, कुत्र्याच्या कामी येणार नाही. दुसरी गोष्ट फरशीची. फिनाईलचा वास आला म्हणजे जागा स्वच्छ, अशी आपली समजूत आहे. पार्व्होचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला तेव्हापासून हे माहीत झाले आहे, की तो महिनोन्‌महिने जमिनीत तग धरतो आणि फिनाईलला दाद देत नाही. त्यासाठी क्लोरीनचे द्रावण लागते. सांभाळणारा काय वापरतो, हे विचारावे. त्याच्या उत्तरावरून त्याला काम कळते की नाही, ते कळेल.

तिसरी गोष्ट उन्हाची. विदर्भातला मे महिना काय असतो, ते आपल्याला सांगायला नको. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो, दमट पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. तेव्हा दुपारी टिनाखाली किती तापते ते हात वर करून पाहावे आणि वीज गेली तर काय, हे विचारावे. चौथी गोष्ट दाराची. आवाराला एकामागे एक अशी दोन फाटके आहेत का? परक्या जागी बावरलेले कुत्रे पहिल्या दोन दिवसांत निसटण्याचा धोका सर्वांत जास्त, आणि फटाक्यांच्या दिवसांत तर विचारूच नका. पाचवी गोष्ट रात्रीची. रात्री दोन वाजता कुत्र्याचे पोट फुगले तर तिथे जागा होणारा माणूस आहे का, आणि तो कुठल्या डॉक्टरला फोन करील? अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरला १९५८ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शिवाय खासगी डॉक्टर आहेत. 'बघू तेव्हाचे तेव्हा' हे उत्तर नव्हे.

आणि एक परीक्षा सगळ्यांवर मात करणारी. लांबच्या मुक्कामाआधी एक रात्र कुत्र्याला तिथे ठेवून पाहावे. पहिल्या दिवशी ते जेवणार नाही, याचा बाऊ करू नये. पण दुसऱ्या सकाळी न्यायला गेल्यावर सांभाळणारा जे सांगतो ते कान देऊन ऐकावे. 'मस्त राहिला' एवढेच सांगणारा आणि 'रात्री अकरापर्यंत दाराशी बसून होती, मग गोधडी दिली तेव्हा झोपली, सकाळी अर्धी पोळी खाल्ली' असे सांगणारा, यांतला कोण कुत्र्याजवळ होता, हे कुणी समजावून द्यायला नको.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे, आणि आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याची जबाबदारी सांगितली आहे. साधा समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी त्याने घेतली पाहिजे, असे कलम १५१ म्हणते. गंमत म्हणजे त्या प्रकरणातली उदाहरणे आपल्या आखरावरची वाटावीत अशी आहेत. राखायला दिलेली गाय व्याली, तर गायीबरोबर वासरूही परत केले पाहिजे, हे कलम १६३ चे उदाहरण. आणि कलम १५० चे उदाहरण तर मालकांनी पाठच करावे. घोडा खोडकर आहे हे ठाऊक असून ज्याने ते न सांगता दुसऱ्याला दिला, त्याने होणारी इजा भरून द्यायची. म्हणजे आपला कुत्रा चावरा आहे ही गोष्ट 'घेतील की नाही' या भीतीने दडवली आणि तो तिथल्या पोराला चावला, तर बोट आपल्याकडेच येणार.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'मालक' या शब्दात त्या वेळी प्राणी ज्याच्या ताब्यात आहे तोही धरला आहे. आखूड साखळीला बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणे, पुरेसे अन्नपाणी न देणे हे त्यात गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. एका दिवसाच्या बोर्डिंगच्या पैशात कितीतरी वेळा भरता येईल एवढा! २०१७ साली श्वानपैदाशीचे आणि २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम केंद्राने केले, पण त्यांचा मुख्य रोख पैदाशीवर आणि विक्रीवर आहे. त्यामुळे आपल्या हाती खरे हत्यार आहे ते ग्राहक संरक्षण कायद्याचे. पैसे घेऊन दिलेली सेवा म्हटली, की त्यातली हयगय ही ग्राहकाची तक्रार होते. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला तेव्हापासून ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पुण्यातल्या सांभाळणाऱ्याविरुद्धही वाशिममध्ये. मुदत दोन वर्षांची. मात्र त्यासाठी पावती हवी आणि कराराचा कागद हवा. कुत्र्याचे वय, वजन, खुणा, औषधे, खाणे, तातडीच्या उपचाराला किती खर्चापर्यंत परवानगी, फोन न लागल्यास निर्णय कुणी घ्यायचा, एवढे एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या तर अर्धे तंटे उद्भवणारच नाहीत. बंजाऱ्याच्या कुत्र्याच्या गळ्यात जी चिठ्ठी उशिरा वाचली गेली, ती अशी आधीच वाचून घ्यायची.

सांभाळणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. हे काम तसे कष्टाचे. पहाटे पाचला उठून मलमूत्र काढायचे, दर चार तासांनी बाहेर न्यायचे, दहा मालकांचे दहा तऱ्हांचे खाणे सांभाळायचे, आणि दिवाळी, दसरा, उन्हाळी सुटी हे आपल्या घरचे सण सोडून द्यायचे. आपण मात्र तिथे जाऊन भाजीबाजारासारखी घासाघीस करतो. ज्या दरात एका माणसाचा रोजही निघत नाही त्या दरात पंधरा कुत्री ठेवणारा काय करील? माणूस कमी करील, फिरवणे कमी करील. स्वस्ताईची किंमत शेवटी कुत्रे मोजते, आणि ते आपल्याला सांगू शकत नाही.

म्हणूनच मला वाटते, की हे काम वाशिममध्ये, कारंज्यात, रिसोडमध्येही सुरू व्हायला हवे. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन गावी परतलेले तरुण आहेत, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले अनुभवी लोक आहेत, गावाला लागून शेत आणि विहीर असलेली कुटुंबे आहेत. पाच-सहा कुत्र्यांची स्वच्छ सोय करायला फार मोठे भांडवल लागत नाही. लागते ते सातत्य आणि मुक्या जनावराची समज, आणि ढोरक्याच्या परंपरेतल्या जिल्ह्यात ती कमी असू नये. नगरपरिषदांनी अशा जागांची नोंद ठेवावी आणि वर्षातून एकदा पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. याचा मोठा फायदा असा, की राखणारा आणि ज्याचे राखायचे तो, दोघे पुन्हा एकाच वेशीच्या आत येतील. ज्याच्याशी बाजारात रोज गाठ पडते, त्याला कुत्रे उपाशी ठेवणे परवडत नाही.

कारंजा ही नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. त्यांना दत्तावतार मानून आपण तिथल्या गुरुमंदिरात हात जोडतो, आणि घरोघरच्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. त्यांना कुणी चार वेद म्हणते. तसबिरीतल्या कुत्र्याला नमस्कार करणे सोपे असते, दारातल्या कुत्र्याची आठ दिवसांची नीट सोय लावणे कष्टाचे. पण ते केले, तर घरातली दोन्ही म्हातारी माणसे एकदा तरी एकत्र नातवाकडे जाऊ शकतील आणि डोळ्याचे ऑपरेशन वेळेवर होईल.

घरी परतल्यावर कुत्र्याकडे तीन आठवडे लक्ष ठेवावे. खोकला, जुलाब किंवा गोचिडीचा ताप लगेच दिसत नाही. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी तपासाव्यात, वजन करून पाहावे. एवढे करूनही तिथे नेमके काय घडले, याचा पुरावा हाती लागेलच असे नाही. त्याची खरी साक्ष पुढच्या खेपेला मिळते. त्याच फाटकापाशी गाडी थांबली, की कुत्रे काय करते ते पाहावे. सीटखाली अंग चोरून बसले, तर गाडी तिथूनच वळवावी. आणि दार उघडताच उडी मारून ते आपल्या आधी आत शिरले, तर मग खुशाल गावाला जावे.